बाबांना आवाज येतो पण बोलणं कळत नाही. ऑडिओग्राम समजावून सांगेल का कोणी?

अर्धवट_झोप

नमस्कार मंडळी, कानाच्या विषयातलं कोणी जाणकार असेल तर जरा वेळ काढून वाचा, मोठं झालंय.

बाबा ७१ चे आहेत. गेल्या काही वर्षांत टीव्हीचा आवाज वाढत वाढत आता शेजारच्या खोलीत बसवत नाही इतका झालाय. पण दार वाजलं, बाहेर गाडी थांबली, आम्ही त्यांच्याबद्दल हळूच काही बोललो की ते मात्र बरोब्बर ऐकू येतं. आणि समोर बसून काही सांगितलं की "स्पष्ट बोला की जरा, तोंडातल्या तोंडात काय बोलता". आई म्हणते यांना हवं तेवढंच ऐकू येतं. नातवंडांचं बोलणं तर जवळजवळ कळतच नाही. चार माणसं जमली की गप्प बसून राहतात आणि आम्ही समजत होतो वयोमानाने स्वभाव बदलला.

शेवटी एका श्रवणयंत्र विकणाऱ्या सेंटरवर मोफत तपासणी होती तिथे घेऊन गेलो. रिपोर्टवर एक आलेख आहे, लाल गोल आणि निळ्या फुल्या, दोन्ही रेषा डावीकडून उजवीकडे खाली घसरत गेल्यात. उजवा कान ४५ डीबी, डावा ५२ डीबी, खाली छापलंय बायलॅटरल मॉडरेट सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस, म्हणजे म्हणे दोन्ही कानांत आतल्या कानाचा मध्यम दोष. अजून एक स्पीच स्कोअर आहे, उजवा ७६ टक्के डावा ६८ टक्के. लगेच दोन मशीनची ऑर्डर द्या म्हणत होते, मी थोडे दिवस मागून घेतलेत.

म्हणजे बाबा निम्मे बहिरे झाले असं समजायचं का? मशीन लावलं की कान आळशी होतो म्हणतात ते खरं का? आणि ऑडिओलॉजिस्ट म्हणजे नक्की कोण, डॉक्टर की टेक्निशियन? हे विचारायचं अजून एक कारण म्हणजे माझी भाची पुढे हेच शिकायचं म्हणतेय आणि घरात कोणालाच धड माहिती नाही.

कानसेन

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, क्लिनिकमध्येच काम करते. आधी ते निम्मे बहिरे वगैरे डोक्यातून काढून टाका. ४५ डीबी म्हणजे ४५ टक्के नव्हे. डेसिबलची पट्टी सरळ चढत नाही, दर १० डीबीला आवाजाची पॉवर १० पट होते, २० ला १०० पट, आणि आपल्याला मात्र दर १० ला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. शून्य डीबी म्हणजे शांतता पण नाही. निरोगी तरुण कानांना जेमतेम ऐकू येणारा जो सर्वात हळू आवाज, त्याची सरासरी काढून तिथे शून्य ठरवलंय, म्हणून काही जणांना उणे ५ लाही ऐकू येतं. बाबांच्या उजव्या कानाला आवाज सरासरी ४५ पर्यंत वाढवला तेव्हा कुठे पहिल्यांदा चाहूल लागली इतकाच त्या आकड्याचा अर्थ.

आणि हा आकडा सरासरी आहे म्हणूनच फसवा आहे. साधारणपणे ५००, १०००, २००० आणि बऱ्याच ठिकाणी ४००० हर्ट्झवरचे आकडे घेऊन तो काढतात. हर्ट्झ म्हणजे फ्रिक्वेन्सीचं, आवाज किती जाड की बारीक त्याचं माप. आलेखात लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्याच्या, आणि खूण जितकी खाली तितका आवाज मोठा करावा लागला. तुमचा आलेख घसरता आहे म्हणताय, म्हणजे डावीकडच्या जाड आवाजांना बाबांचा कान बऱ्यापैकी शाबूत असणार आणि उजवीकडच्या बारीक, तीक्ष्ण आवाजांना बराच गेलेला असणार. आता बोलण्यात काय होतं बघा. स्वरांमध्ये, म्हणजे आ, ऊ, ओ यांच्यात जोर जास्त असतो आणि तो खालच्या फ्रिक्वेन्सीत असतो. स, श, फ, ख, थ हे सगळे नुसती हवा सोडून केलेले हलके आवाज, त्यातला स तर ४००० च्याही वर जातो. स्वरांमुळे कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते बरंचसं व्यंजनांवरून कळतं. साठ मधला स गेला की आठ उरतात. सात म्हटलं तर आत ऐकू येतं. मग माणूस मागच्यापुढच्या संदर्भाने जुळवत बसतो, कधी जुळतं कधी नाही, आणि त्याला खरंच वाटत असतं की समोरचा तोंडातल्या तोंडात बोलतोय. बाबा मुद्दाम करत नाहीयेत एवढं आईंना नक्की सांगा. शांत खोलीत ओळखीचा विषय, ओळखीचा आवाज असला की त्यांचं जुळतं, तेच आईंना हवं तेवढं वाटतं. लहान मुलांचा आवाज मुळात बारीक, त्यात ती बोलतात भरभर आणि आपल्याकडे न बघता.

बारीक आवाजच आधी का जातात, तर आतल्या कानात कोक्लिया नावाची शंखासारखी गुंडाळलेली नळी असते आणि तिच्या लांबीवर फ्रिक्वेन्सी वाटून दिलेल्या असतात. तोंडाशी बारीक आवाज, आत टोकाला जाड. आवाजाची लाट त्या नळीत कशी धावते हे जॉर्ज फॉन बेकेशी यांनी दाखवलं, १९६१ चं नोबेल त्यासाठीच मिळालं त्यांना. नळीत आवाजाची कंपनं टिपून नसेला सिग्नल देणाऱ्या केशपेशी असतात, एका कानाला सुमारे १५ हजार, म्हणजे अख्ख्या कानाचा संसार एवढ्यावर, आणि वय, मोठे आवाज, काही औषधं या सगळ्याचा मार आधी तोंडाजवळच्या पेशींना बसतो. पक्ष्यांच्या केशपेशी पुन्हा उगवतात. आपल्या नाही उगवत.

स्पीच स्कोअर मात्र खरंच टक्के आहेत. बाबांना ऐकू येईल अशा आवाजात सुटे शब्द ऐकवले आणि त्यातले किती बरोबर परत म्हटले ते. मी असे रिपोर्ट बघते तेव्हा या स्कोअरकडे आधी बघते, कारण आवाज पुरेसा मोठा केल्यावर पुढे किती कळेल याचा अंदाज त्यावरून येतो. ७६ काही वाईट नाही.

एक विचारते. त्याच आलेखावर लाल गोल आणि निळ्या फुल्यांशिवाय बाणाच्या टोकासारख्या किंवा चौकटी कंसासारख्या खुणा आहेत का? असल्या तर त्या फुल्यांच्या जवळपास आहेत की बऱ्याच वर ते सांगा.

उंटावरचा_शहाणा

सगळं ठीक आहे हो पण शेवटी धंदा मशीन विकायचाच ना. तपासणी मोफत आणि ऑर्डर त्याच दिवशी, यातच सगळं आलं. ऑनलाइन आवाज मोठा करणारी यंत्रं मिळतात, कानात घालायची, झालं काम. माझ्या ओळखीतल्या एकांनी महागातलं घेतलं, ते ड्रॉवरमध्ये पडलंय.

कानसेन

शहाणे, तुमची पहिली तक्रार मला मान्य आहे. जो विकतो त्यानेच तपासायचं ही व्यवस्था फार ठिकाणी आहे आणि ती काही चांगली नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगते, रिपोर्टची कॉपी मागून घ्या, ती तुमची आहे, आणि वाटल्यास दुसरीकडे दाखवा. अर्धवट_झोप यांनी दिवस मागून घेतले ते उत्तम केलं.

पण आवाज मोठा करणारं यंत्र आणि श्रवणयंत्र यात मोठा फरक आहे. केशपेशी गेलेल्या कानाला हळू आवाज ऐकू येत नाहीत पण मोठे आवाज तुमच्याआमच्याइतकेच मोठे लागतात, कधी जास्तच. म्हणूनच आजोबा आधी "जोरात बोल" म्हणतात आणि जोरात बोललं की "ओरडतोस कशाला". मधली जागाच कमी उरलेली असते. सगळंच सारखं वाढवलं तर स काही ऐकू येत नाही आणि दार आपटलं की माणूस दचकतो. म्हणून चांगलं यंत्र हळू आवाज जास्त वाढवतं, मोठा आवाज कमी वाढवतं, तेही प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळं. ते किती वाढवायचं याची एनएएल, डीएसएल अशी ठरलेली सूत्रं आहेत आणि सूत्राप्रमाणे आवाज पडद्यापाशी खरंच पोचतोय का हे बघायला कानात बारीक नळीचा माइक घालून मोजतात, त्याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. ड्रॉवरमध्ये पडलेल्या यंत्रांपैकी बऱ्याच जणांचं हे मोजमाप झालेलंच नसतं असा माझा अंदाज आहे. मोजून न लावलेलं महाग यंत्र मोजून लावलेल्या साध्या यंत्रापेक्षा बरं, असं मी तरी म्हणणार नाही.

अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य ते मध्यम दोष असलेल्या मोठ्या माणसांना प्रिस्क्रिप्शनशिवाय श्रवणयंत्र घेता येतं, म्हणजे थेट विक्री हा प्रकारच वाईट असं काही नाही. पण त्याआधी ऐकू का येत नाहीये हे कोणीतरी बघितलेलं असावं. कानात मळ असताना यंत्र घेतलेली माणसं आहेत बरं का.

खिडकीपाशी

मी स्वतः दोन्ही कानांना यंत्र लावते म्हणून लिहिते. पहिले काही दिवस भयंकर जातात हे बाबांना आधीच सांगून ठेवा नाहीतर तेही ड्रॉवरमध्ये जाईल. स्वतःचा आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा येतो, कागदाची घडी केली तरी कर्कश वाटतं, नळाचं पाणी, स्वतःची पावलं, सगळं अंगावर येतं. इतकी वर्षं जे ऐकलंच नाही त्यातलं काय सोडून द्यायचं हे मेंदूला परत शिकावं लागतं. मी घरात शांततेत थोडा वेळ लावून सुरुवात केली, मग वेळ वाढवत नेली, आणि ऑडिओलॉजिस्टकडे परत परत जाऊन सेटिंग बदलून घेतलं. पिंपाचा त्रास तर कानातला रबराचा भाग हवा खेळेल असा बदलून दिल्यावर खूपच कमी झाला, म्हणजे सांगितल्याशिवाय त्यांना कळत नाही.

कान आळशी होतो वगैरे काही नाही. उलट न लावता राहिलं तर शब्द ओळखायची सवय मोडते.

आणि घरच्यांसाठी एक, कळकळीने सांगते. ओरडू नका. ओरडलं की स्वर मोठे होतात, व्यंजनं आहेत तिथेच राहतात आणि वर चेहरा रागीट दिसतो. आधी नावाने हाक मारा, समोर या, उजेड तुमच्या तोंडावर हवा, पाठीमागे नको. नाही कळलं तर तेच वाक्य तीनदा म्हणण्यापेक्षा दुसऱ्या शब्दांत सांगा. आणि "जाऊ दे, काही नाही" हे वाक्य तर कधीच म्हणू नका. बहिऱ्या माणसाला त्याच्यासारखं लागणारं दुसरं वाक्य नाही.

गर्दीत बाबा गप्प बसतात ते स्वभावामुळे नसेल बहुतेक. दमतात ते. संध्याकाळपर्यंत डोकं नुसतं भणभणतं माझं सुद्धा, यंत्र असून.

रात्रपाळी

मी कान-नाक-घसा विभागात डॉक्टर आहे. थोडक्यात लिहितो. कान दुखणं, वाहणं, पडद्याला भोक, इन्फेक्शन, ऑपरेशन, औषधं हे आमचं काम. किती ऐकू येतं, कुठल्या प्रकारचा दोष आहे ते मोजणं आणि यंत्र, इम्प्लांट, ट्रेनिंग यांनी ते सुधारणं हे ऑडिओलॉजिस्टचं. दोघांचं एकमेकांशिवाय चालत नाही. मी त्यांच्या रिपोर्टशिवाय कानाच्या हाडांचं ऑपरेशन ठरवत नाही.

हा धागा बरेच जण वाचतील म्हणून महत्त्वाचं सांगतो. एका कानाने अचानक, म्हणजे तासाभरात किंवा दोनतीन दिवसांत ऐकू येणं कमी झालं तर सर्दी असेल म्हणून थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. आतल्या कानाचा दोष असेल तर स्टिरॉइडचा उपयोग व्हायची शक्यता सुरुवातीच्या दिवसांत जास्त असते, नंतर झपाट्याने कमी होते. घरी एक अंदाज घेता येतो, तोंड मिटून हूंऽऽ असा आवाज काढा. बंद वाटणाऱ्या कानात तो जास्त घुमला तर बहुधा मळ, पाणी असलं काहीतरी. चांगल्या कानाकडे गेला तर आतल्या कानाचा संशय. हा फक्त अंदाज आहे, घुमला म्हणून घरी बसून राहू नका.

दुसरं, दोन कानांत बराच फरक असेल किंवा एकाच कानात सतत गुंई वाजत असेल तर आम्ही बऱ्याचदा एमआरआय सांगतो, कारण ऐकण्याच्या आणि तोलाच्या नसेवर क्वचित गाठ असते, कॅन्सरची नसते पण कळलेली बरी. आणि जेंटामायसिन, अमिकासिन, सिसप्लॅटिन यांसारखी औषधं कधी घ्यावी लागली तर आधी आणि मधे कानाची तपासणी करून घ्या. औषध कधीकधी टाळता येत नाही पण लक्ष ठेवता येतं.

पावणेबारा

थोडं विषयांतर. मी २६ चा आहे, दिवसभर हेडफोन असतात. परवा मोठ्या स्पीकरच्या कार्यक्रमाला गेलो, रात्रभर कानात शिट्टी, सकाळी गायब. म्हणजे सगळं ओके ना?

टाचणी

ओके म्हणवत नाही. मी ऑडिओलॉजी पूर्ण करून आता लहान मुलांबरोबर काम करतेय, भाचीबद्दल लिहायलाच आले होते पण आधी तुझं. त्या रात्री ऐकण्याची पातळी तात्पुरती घसरली होती, सकाळी परत आली. पण २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं की पातळी पूर्ण परत आल्यावर सुद्धा केशपेशी आणि नस यांच्यातले जोड कायमचे तुटलेले राहू शकतात. ऑडिओग्राम चांगला दिसतो. माणसांत हे नेमकं किती होतं यावर अजून वाद चालू आहे, तरी मी तुझ्या जागी असते तर स्वस्तातले इअरप्लग घेतले असते. हिशोब साधा आहे, कामाच्या जागी ८५ डीबी आठ तास ही मर्यादा धरतात आणि दर ३ डीबीला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार, ९१ ला दोन, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. मोठ्या स्पीकरसमोर १०० सहज असतात. आवाजाने गेलेल्या कानाचा ऑडिओग्राम ओळखू येतो, बहुतेक वेळा ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो आणि पुढे ८००० ला रेषा परत वर येते.

आता भाची. बहुतेकांना वाटतं हे हेडफोन लावून बटणं दाबायचं काम आहे. मलाही घरी समजवावं लागलं होतं. हा पेशा तसा तरुण आहे, दुसऱ्या महायुद्धातून कान गमावून परतलेले सैनिक हजारोंनी आले आणि त्यांचं पुनर्वसन करताना तो उभा राहिला. रेमंड कारहार्ट यांचं नाव सगळ्यात आधी घेतात, ते युद्धकाळात लष्करी इस्पितळात हेच काम करत होते आणि मग नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात त्यांनी हा विषय उभा केला.

आता तो इतका पसरलाय की एकाच माणसाला सगळं येत नाही. माझं काम बाळांचं. एक दिवसाचं बाळ हात वर करून आवाज आला म्हणून सांगणार नाही ना, मग त्याच्या कानात टिकटिक सोडायची आणि कानाने परत पाठवलेला प्रतिध्वनी माइकने पकडायचा. कान स्वतः आवाज करतो हे १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी दाखवलं तेव्हा आधी कोणाचा विश्वासच बसत नव्हता म्हणे, आणि आज जगभर त्यावर बाळांची तपासणी चालते. बाळ झोपलेलं लागतं. झोपलेलं बाळ म्हणजे आमच्या धंद्यात सोनं. प्रतिध्वनी नाही आला तर डोक्याला इलेक्ट्रोड लावून नसेपासून मेंदूच्या खोडापर्यंतचे सिग्नल बघतो. नियम असा की पहिली चाचणी एक महिन्याच्या आत, निदान तीन महिन्यांच्या आत आणि यंत्र किंवा थेरपी सहा महिन्यांच्या आत सुरू, कारण ऐकलं नाही तर भाषा येत नाही आणि मेंदू वाट बघत थांबत नाही. यंत्राने भागत नसेल तर कोक्लिअर इम्प्लांट, म्हणजे कोक्लियात इलेक्ट्रोड बसवून नसेला थेट सिग्नल देणारं यंत्र, त्याचं ऑपरेशन सर्जन करतात पण त्यातल्या प्रत्येक इलेक्ट्रोडला किती करंट द्यायचा ते ठरवणं, पुन्हा पुन्हा बदलणं आमच्याकडे. याशिवाय चक्कर आणि तोल यांच्या चाचण्या, कारखान्यातल्या कामगारांचे कान, गुंई आवाजाने हैराण झालेल्यांचं समुपदेशन, हे सगळं याच पेशात येतं.

अभ्यासात ध्वनीचं भौतिकशास्त्र, शरीररचना, थोडं इलेक्ट्रॉनिक्स, मानसशास्त्र, भाषा आणि संख्याशास्त्र. पदवी देशागणिक वेगळी, कुठे बॅचलर किंवा मास्टर्सवर काम करता येतं, अमेरिकेत एयूडी ही क्लिनिकल डॉक्टरेट लागते, बऱ्याच ठिकाणी नोंदणी किंवा लायसन्स सक्तीचं आहे. वैद्यकीय डॉक्टर नाही, नुसता टेक्निशियन पण नाही. काम कमी पडणार नाही याची खात्री. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात जगात १५० कोटींहून जास्त लोकांना थोडाफार तरी श्रवणदोष आहे आणि सुमारे ४३ कोटींना उपचाराची किंवा पुनर्वसनाची गरज आहे असं म्हटलंय.

पण भाचीला एक विचारून बघा, तेच तेच दहा वेळा न चिडता समजावता येतं का. आणि आईबापांना पहिल्यांदा वाईट बातमी सांगून झाल्यावर समोर बसून राहता येतं का. मशीन शिकता येतं. हे मला तरी कोणी वर्गात शिकवलं नाही, आजही जड जातं.

उंटावरचा_शहाणा

ते प्रतिध्वनीचं माहीत नव्हतं, भारी आहे. पण दोन मशीनचा प्रश्न तसाच राहिला. एकावर भागत नाही का, की तिथेही सूत्र आहे?

कानसेन

सूत्र नाही, डोकं आहे. शब्दशः. एका बाजूने आलेला बारीक आवाज डोक्याआड अडतो आणि पलीकडच्या कानाला कमी पोचतो. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांतल्या वेळेच्या आणि जोराच्या फरकावरून ओळखतो, गोंगाटात एकाच्या बोलण्यावर लक्ष धरायलाही दोन कान लागतात. म्हणून दोन्ही कानांत दोष असेल तर साधारण दोन यंत्रं सुचवतात. अपवाद असतात, एका कानाला शब्द अजिबात कळत नसतील तर तिथे यंत्राने नुसता गोंगाट वाढतो. बसत नसेल तर एकाने सुरुवात करा, न लावण्यापेक्षा बरंच.

अर्धवट_झोप

सगळ्यांचे आभार, आईला खिडकीपाशी यांची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली, ती काही बोलली नाही पण आज बाबांशी समोर जाऊन बोलत होती.

कानसेन ताई, तुम्ही विचारलेल्या खुणा आहेत. उजव्या कानाच्या लाल खुणा गोलांना चिकटूनच आहेत. डाव्याच्या निळ्या मात्र फुल्यांपेक्षा बऱ्याच वर दिसतात, ५०० आणि १००० ला तर दोनअडीच चौकोन वर, एक चौकोन १० चा आहे. उजवीकडे जाताना अंतर कमी होतं. दुसऱ्या पानावर टिंपॅनोग्राम म्हणून दोन छोटे ग्राफ आहेत, उजव्याला डोंगरासारखा उंचवटा आणि टाइप ए लिहिलंय, डाव्याला सपाट रेषा, टाइप बी, शेजारी ईसीव्ही ०.३ असा आकडा. उजव्याला ईसीव्ही १.१ आहे. याबद्दल तिथे कोणी काही बोललं नाही.

कानसेन

बरं झालं विचारलं. मग डाव्या कानाचा रिपोर्ट खाली छापलाय तसा नाही.

त्या खुणा हाडातून ऐकवलेल्या आवाजाच्या आहेत. कानामागच्या हाडावर एक छोटं कंपन करणारं यंत्र ठेवतात, त्याचा आवाज बाहेरचा आणि मधला कान ओलांडून थेट कोक्लियात पोचतो. हेडफोनने कमी ऐकू येतंय आणि हाडातून चांगलं, म्हणजे कोक्लिया त्या मानाने ठीक आहे आणि वाटेत काहीतरी अडलंय. उजव्याला दोन्ही सारखंच, म्हणून तो खरोखर आतल्या कानाचा दोष, वयाचा. डाव्याला तोच वयाचा दोष आहे आणि वर २०-२५ डीबीचा वेगळा अडथळा आहे. याला मिक्स्ड म्हणतात, सेन्सरीन्यूरल नव्हे.

आता टिंपॅनोग्राम. कानातल्या हवेचा दाब कमीजास्त करून पडदा किती हलतो ते बघतात. सपाट म्हणजे हलत नाहीये. कारणं तीनचार असतात आणि ती ओळखायलाच तो ईसीव्हीचा आकडा दिलेला असतो, पडद्यापर्यंतच्या कानाच्या बाहेरच्या नळीत किती हवा आहे त्याचा. पडद्याला भोक असेल तर तो बराच मोठा येतो. पडद्यामागे पाणी असेल तर नेहमीएवढा. ०.३ मोठ्या माणसाला फारच कमी आहे, म्हणजे नळीतच जागा नाहीये. बहुधा मळ घट्ट बसलाय. किंवा तपासताना मशीनचं टोक कानाच्या भिंतीला टेकलं असेल, तेही होतं. पण कानात दिवा घालून बघितलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं, ते बघितलं का आठवतंय?

अर्धवट_झोप

नाही, थेट हेडफोनच लावले.

कानसेन

मग या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, दोन्ही कान बघून घ्या, मळ असेल तर तेच काढतील. घरी काडी, पिन, गरम तेल, मेणबत्ती काही नको. कान मोकळा झाल्यावर पूर्ण चाचणी पुन्हा, हाडातली आणि शब्दांची सुद्धा, जमलं तर मशीन न विकणाऱ्या ठिकाणी. त्यानंतरही डावीकडे अंतर राहिलं तर मधल्या कानाचा शोध घ्यावा लागेल, ते डॉक्टर बघतील. डावा ५२ वरून तीसच्या घरात आला तरी मला आश्चर्य वाटणार नाही. उजव्याला यंत्र बहुधा लागेलच, डाव्यालाही लागेल पण वेगळ्या सेटिंगचं. तोवर ऑर्डर देऊ नका.

रात्रपाळी

याला दुजोरा. आणि बाबांना शुगर असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा पूर्वी कधी कान वाहिला असेल तर मळ काढायच्या आधीच डॉक्टरांना सांगा, मग पाण्याने धुवायच्या ऐवजी सक्शनने काढतात.